अण्णांच्या व्हॉल्व्हचे पाच महिने

जून २०२४ मध्ये अण्णा सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या घराचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले. चौदाच पायऱ्या आहेत. आधी सगळ्यांनी ते वयावर ढकललं, मग दम्यावर. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८, बायपास २०१० साली झालेली, किडनीचा आकडा क्रिएटिनिन १.६ आणि दम्याचा पंप कायम खिशात. दम लागायला कारणं इतकी होती की खरं कारण सगळ्यात शेवटी सापडलं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाची झडप, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह, चुना साठून आवळला होता. नोव्हेंबरमध्ये तो बदलून झाला. मधल्या काळात काय कुठल्या क्रमाने झालं, कुठे वेळ गेला आणि किती पैसे लागले, ते लिहून ठेवतोय. मिरजेत दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसून आम्ही एकमेकांना जे विचारत होतो, ते आजही तिथे कुणीतरी विचारत असेल.

पहिला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ११ जूनला झाला. फी २,००० रुपये. रिपोर्टखाली लिहिलं होतं, 'मॉडरेट एऑर्टिक स्टेनोसिस', म्हणजे व्हॉल्व्ह मध्यम आवळलेला. सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. आम्ही खालची एक ओळ वाचली, वरचे आकडे वाचलेच नाहीत. तिथेच अडीच महिने गेले.

ते आकडे तीन असतात. व्हॉल्व्हचं तोंड किती उघडतं हा पहिला: निरोगी माणसात ३ ते ४ चौरस सेंटिमीटर, १ च्या खाली आलं की आजार गंभीर. दुसरा मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक: ४० किंवा जास्त म्हणजे गंभीर. तिसरा रक्ताच्या धारेचा वेग: सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त म्हणजे गंभीर. अण्णांचं तोंड ०.८, म्हणजे गंभीर. पण ग्रेडियंट २९ आणि वेग ३.५, म्हणजे मध्यम. एकाच कागदावर दोन निकाल, आणि खाली लिहिताना दुसरा धरला गेला.

असं का होतं हे ज्याच्या बागेला ठिबक आहे त्याला लगेच कळेल. फिल्टरच्या आधी एक गेज असतं, नंतर एक. फिल्टर तुंबला की दोन्ही गेजमधला फरक वाढतो. पण मोटारच दमलेली असेल, पाणीच कमी येत असेल, तर फिल्टर पक्का तुंबलेला असूनही फरक थोडाच दिसतो. अण्णांचं हृदय म्हणजे ती दमलेली मोटार: ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद, ३८ टक्के होती. ईएफ कमी, तोंड १ च्या खाली आणि ग्रेडियंट ४० च्या खाली असे तिन्ही आकडे एकत्र दिसले तर 'मध्यम' या शब्दावर विसंबून घरी जाऊ नका. याला लो-फ्लो, लो-ग्रेडियंट म्हणतात. पुढची तपासणी लागतेच.

ती आमची २६ ऑगस्टच्या रात्रीनंतर झाली. रात्री दीडला अण्णा उठून बसले, आडवं होता येईना, छातीत घरघर. आम्ही जिभेखाली सॉर्बिट्रेट दिली, छातीत दुखल्यावर ठेवतात ती गोळी. बायपास झालेल्यांच्या घरात ती गोळी असतेच. दवाखान्यात पोचलो तेव्हा वरचा बीपी ८४ होता. व्हॉल्व्ह आवळलेला असताना ही गोळी शिरा सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं आणि बाहेर जायचं तोंड तर आधीच अरुंद, त्यामुळे बीपी एकदम पडू शकतो. घरात असा पेशंट असेल तर ती गोळी द्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री दीडला विचारायला कुणी नसतं.

फुप्फुसात पाणी झालं होतं. तीन दिवस मास्कचं मशीन आणि पाणी काढणारी लॅसिक्सची इंजेक्शनं, बिल ३८,००० रुपये. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी जूनचा कागद पाहिला आणि दोन वाटा सांगितल्या. एक, डोब्युटामिन देऊन हृदय थोडं जोरात चालवायचं आणि तेव्हा इको करायचा. दुसरी, व्हॉल्व्हवरचा चुना मोजणारा साधा सीटी, कॅल्शियम स्कोअर. त्यात शिरेतून द्यायचं रंगाचं औषध, डाय, लागत नाही, म्हणून किडनीला धोका नाही. आम्ही दुसरी घेतली, ३,५०० रुपयांत दहा मिनिटांचं काम. पुरुषात २,००० च्या वर आणि बाईमाणसात १,२०० च्या वर आकडा असेल तर आजार बहुधा गंभीर. अण्णांचा २,८४० आला. वाद संपला.

मग पर्याय मांडले गेले. औषधाने आवळलेली झडप उघडत नाही, हे पहिलं वाक्य. लॅसिक्स फक्त पाणी काढतं. त्रास सुरू झाल्यावर नुसत्या गोळ्यांवर थांबलं तर काय होतं याचा अंदाज २०१० च्या पार्टनर अभ्यासातून येतो: ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांवर एका वर्षात ५०.७ टक्के गेले, पायातून व्हॉल्व्ह बसवलेल्यांत ३०.७ टक्के. हे ऐकून आई खोलीबाहेर गेली. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी सरळ बोलतंय.

नुसता फुगा घालून व्हॉल्व्ह ताणायचा हा दुसरा पर्याय, बलून व्हॉल्व्ह्युलोप्लास्टी. काही महिन्यांत तोंड परत आवळतं, म्हणून तो उपाय नाही, मधला टेकू आहे. कुणाला जंतुसंसर्ग आहे, कुणाचं दुसरं ऑपरेशन तातडीने करायचं आहे, अशा वेळी वापरतात.

तिसरं उघडं ऑपरेशन: छाती उघडायची, हार्ट-लंग मशीनवर घ्यायचं, जुनी झडप कापून नवी शिवायची. चौथं टावी: जांघेतल्या धमनीतून दुमडलेला व्हॉल्व्ह वर नेऊन जुन्याच्या आतच उघडायचा. पहिली टावी फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये केली, म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. पण 'बिनटाक्याचं, सोपं' असं जे पाहुणे सांगतात तेही खरं नाही. जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये दोन्हींची तुलना २०११ मध्ये छापून आली. वर्षभरातले मृत्यू टावीत २४.२ टक्के आणि ऑपरेशनमध्ये २६.८, म्हणजे जवळपास सारखेच. टावीत मेंदूचे झटके जास्त होते, ऑपरेशनमध्ये मोठा रक्तस्राव जास्त. तेव्हापासून साधनं पुष्कळ सुधारलीत.

मग जास्त धोका ठरवायचा कशावर? एसटीएस स्कोअरवर. वय, ईएफ, क्रिएटिनिन, फुप्फुस, आधीचं ऑपरेशन वगैरे भरलं की ऑपरेशनमध्ये दगावण्याची शक्यता टक्क्यांत येते. ४ च्या खाली कमी, ४ ते ८ मध्यम, ८ च्या वर जास्त. अण्णांचा ८.६. आणखी एक चाचणी आहे, बिनखर्चाची: ५ मीटर नेहमीच्या चालीने चालायला किती सेकंद लागतात. सहा किंवा जास्त लागले तर शरीर थकलेलं धरतात. आम्ही हॉलमध्ये फरशीवर खडूने दोन रेघा मारल्या, तीनदा चालवलं, सरासरी साडेसात आली. अण्णा चिडले. "मी काय शर्यतीत उतरलोय का?" रेघा चार दिवस तशाच होत्या आणि येता-जाता ते त्यांवरून जोरात चालून दाखवायचे.

तिसरी अडचण कुठल्याच स्कोअरमध्ये नीट दिसत नाही. बायपासमध्ये छातीच्या आतली जी धमनी जोडतात, लिमा, ती हाडाच्या मागे चिकटून बसू शकते. दुसऱ्यांदा हाड करवतीने उघडताना ती तुटली तर हृदयाचा मुख्य रक्तपुरवठाच जातो. सर्जनांनी स्वतःच सांगितलं, "मी करू शकतो, पण पाय चांगले असतील तर आधी पाय बघा." पाय म्हणजे जांघेतल्या धमन्या.

त्या बघायला सीटी अँजिओ, म्हणजे डाय देऊन केलेला सीटी, लागतो आणि आमची सगळ्यात महागात पडलेली चूक इथे झाली. २० सप्टेंबरला घरापासून जवळच्या एका केंद्रात ११,००० रुपये भरून सीटी केला. ८० मिली डाय गेला. हातात आल्या मोठ्या काळ्या फिल्म आणि दोन पानांचा रिपोर्ट. टावी जिथे करायची होती त्या पुण्याच्या दवाखान्यातून निरोप आला, याचा उपयोग नाही. स्लाइस ३ मिलिमीटरच्या होत्या आणि हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे व्हॉल्व्हची कडा धूसर. दरम्यान क्रिएटिनिन १.९ वर गेलं. ते खाली येईपर्यंत दुसरा डाय देता येईना.

म्हणून टावीसाठीचा सीटी करण्याआधी केंद्राला फोनवरच विचारा. ईसीजी गेटिंग, म्हणजे ठोक्याशी जुळवून घेणं, असणार का? स्लाइस १ मिलिमीटर किंवा कमी देणार का? गळ्याखालच्या धमन्यांपासून थेट जांघेपर्यंत घेणार का? आणि सगळा मूळ डेटा, डायकॉम, पेन ड्राइव्हवर देणार का? फिल्म नाही दिल्या तरी चालेल. व्हॉल्व्हचं माप कंपनीचे लोक आणि डॉक्टर त्या डेटावरूनच काढतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी बंद करायची आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन परत कुठे करायचं, हे त्याच फोनमध्ये ठरवा. सलाईन लावणार असतील तर ईएफ कमी आहे हे ठासून सांगा, कारण भराभर दिलेल्या सलाईनने फुप्फुसात परत पाणी होतं.

४ ऑक्टोबरला मिरजेत कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, झाली, १८,००० रुपये. लिमा डावीकडची असल्याने डाव्या मनगटातून केली. डाय जेमतेम ३० मिली वापरला, तसं आम्ही आधीच विनवलं होतं. बायपासमध्ये जोडलेले ग्राफ्ट उघडे होते. स्टेंट लागला असता तर तो आधी आणि व्हॉल्व्ह नंतर, असा आणखी महिना गेला असता. त्याच आठवड्यात दात. हे कुणाच्या डोक्यात येत नाही, पण किडलेल्या दातातले जंतू रक्तात गेले की नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. अण्णांची दोन मुळं काढावी लागली, २,४०० रुपये. दंतवैद्याचा 'तोंडात संसर्ग नाही' असा सहीशिक्क्याचा कागद पुढे दोन ठिकाणी मागितला.

१८ ऑक्टोबरला पुणे. आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाका आणि मग हायवे. लॅसिक्सची गोळी घेतली की दोन-तीन तास लघवीला सारखं जावं लागतं, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी पुण्यात पोचल्यावर दिली. ज्यांनी सकाळी सहाला गोळी देऊन सातला गाडी काढली असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरा सीटी नीट झाला. व्हॉल्व्ह बसायची जागा, अ‍ॅन्युलस, ४५२ चौरस मिलिमीटर. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं त्या कड्यापासून १२ आणि १५ मिलिमीटर वर. ती १० च्या आत असली तर दाबली गेलेली जुनी झडप तोंडं बंद करायची भीती असते. उजवी जांघेची धमनी ६.८ मिमी, डावी ५.९. व्हॉल्व्ह आत जायची नळी १४ फ्रेंचची. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, आणि व्हॉल्व्ह जाताना नळी आणखी फुगते, म्हणून साधारण साडेपाच मिमीची वाट लागते. उजवा पाय पास.

२४ ऑक्टोबरला हार्ट टीमची बैठक झाली. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय लिहितात. तो निर्णय लेटरहेडवर, एसटीएस स्कोअरसकट, तिघांच्या सह्यांनी मागून घ्या. विमा कंपनीचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो: 'स्वस्तातलं ऑपरेशन का नाही?' आम्हीही तो प्रश्न येऊन चार दिवस अडकलो. हे पत्र पाठवल्यावर पूर्वमंजुरी आली.

व्हॉल्व्ह कुठला, हा प्रश्न निम्मा वैद्यकीय आणि निम्मा खिशाचा. दोन जाती आहेत: फुग्यावर बसवून फुगवायचा आणि आपोआप उमलणारा. अण्णांच्या ईसीजीत उजवा बंडल ब्लॉक आधीपासून होता. व्हॉल्व्ह बसताना हृदयातली विजेची वायर दबू शकते आणि ज्यांची एक वायर आधीच गेलेली असते त्यांना पेसमेकर लागायची शक्यता बरीच वाढते. आपोआप उमलणाऱ्यात ती आणखी जास्त, म्हणून फुग्याचा घ्यायचं ठरलं. परदेशी व्हॉल्व्हसकट आम्हाला २१ लाख सांगितले, गुजरातेत वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हालसकट साडेचौदा. मायव्हालची मापं दीड-दीड मिलिमीटरच्या टप्प्यात मिळतात. अण्णांच्या मापाला २४.५ चा बसला. उघड्या ऑपरेशनचा अंदाज पाच लाखांच्या आसपास होता, पण आयसीयूचे दिवस वाढले तर ते वेगळे.

इथे एक नाजूक गोष्ट. अण्णा माळकरी. टावीचे व्हॉल्व्ह जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणाचे असतात, मायव्हाल गाईगुरांच्या, काही कंपन्यांचे डुकराच्या. बैठकीच्या आदल्या दिवशी अण्णांना हे कळलं. जनावराचा अंश नसलेला व्हॉल्व्ह म्हणजे कार्बनचा मेकॅनिकल, पण तो पायातून बसत नाही, छाती उघडावीच लागते आणि जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, सांभाळावा लागतो. अण्णा रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "विठोबाला चालेल." तुमच्या घरी हा प्रश्न येणार असेल तर सहीच्या टेबलापर्यंत ठेवू नका.

पैशांचं. विम्याचे ५ लाख मिळाले, बाकी मुदत ठेव मोडून आणि बहिणीने घातले. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि उघड्या व्हॉल्व्ह ऑपरेशनचं पॅकेज आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. ते आधारवर निघतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण कार्ड निघालं म्हणजे उपचार बसला असं नाही. पॅकेजच्या यादीत नाव असावं लागतं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. धर्मादाय रुग्णालयात वार्षिक उत्पन्न १.८० लाखांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३.६० लाखांपर्यंत असेल तर दुर्बल घटक म्हणून सवलत मागता येते. त्यासाठी तहसीलदारांचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही आधीच करा, झालेल्या खर्चाची भरपाई त्यातून मिळत नाही.

तारीख १९ नोव्हेंबर मिळाली होती. २० ला विधानसभेचं मतदान, स्टाफ कमी, म्हणून २२ वर गेली. तीन दिवसांच्या त्या उशिराने जितकी चिडचिड झाली तितकी आधीच्या अडीच महिन्यांनीही झाली नव्हती.

२१ ला भरती. दोन्ही जांघांची सफाई, दोन रक्तपिशव्या राखून, आणि संमतीचे चार कागद. त्यातला एक 'गरज पडल्यास कायमचा पेसमेकर' आणि एक 'गरज पडल्यास छाती उघडणे'. हे वाचून हात थबकतो. पेसमेकरचा खर्च पॅकेजमध्ये आहे का, हे तेव्हाच विचारा. आमच्या पॅकेजमध्ये नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल नाही, झोपेचं औषध आणि जांघेत सुन्न करायचं इंजेक्शन. मानेतून तात्पुरती पेसमेकरची वायर घालतात. व्हॉल्व्ह फुगवण्याच्या वेळी त्या वायरने हृदय मिनिटाला १८० ते २०० च्या वेगाने पळवतात, म्हणजे ते काही सेकंद रक्त जवळपास पुढे ढकलत नाही आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. साधारण दीड तासाने बाहेर. धमनीचं भोक आतल्या टाक्यांच्या साधनाने बंद केलेलं, वर छोटी पट्टी. सहा तास पाय सरळ. अण्णांना तेच सगळ्यात जड गेलं.

त्या रात्री ईसीजीतला पीआरचा आकडा, म्हणजे हृदयातली वीज वरून खाली पोचायला लागणारा वेळ, १९० वरून २४० वर गेला. वायर ४८ तास काढली नाही. रोज सकाळी ईसीजी, २१० वर आल्यावर वायर निघाली, पेसमेकर लागला नाही. निघतानाच्या इकोत ग्रेडियंट ९ आणि कडेने थोडी गळती. ही किरकोळ गळती बऱ्याच जणांत दिसते, मध्यम किंवा जास्त असेल तर विचारा. २६ ला डिस्चार्ज. तीन दिवस कोथरूडला बहिणीकडे थांबून सांगली. लांबच्या लोकांनी हे थांबणं हिशोबात धरावं, कारण जांघेतून रक्त आलं किंवा नाडी अचानक मंदावली तर हायवेवर काही करता येत नाही.

आता रोज इकोस्प्रिन ७५ ची एक गोळी, रक्त पातळ करणारं दुसरं काही नाही. ठोके अनियमित असणाऱ्यांचं वेगळं असतं. दोन आठवड्यांनी होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचा दिवसभराचा ईसीजी, महिन्याने इको: ईएफ ४५. दाताचं काही करायचं असेल तर अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून. व्हॉल्व्हचं माप आणि नंबर असलेलं कार्ड मिळतं, त्याच्या दोन झेरॉक्स घरात आहेत. मूळ कार्ड अण्णा आधारच्या मागे त्याच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात, कारण एसटीत फुकट प्रवासाला आधार दाखवावं लागतं आणि कंडक्टरला ते दोन्ही दाखवतात.